तुम्ही विचारलंत म्हणून : मी संस्थेत परत का जात नाही

‘आता सगळं छान झालंय, मग संस्थेत जाता की नाही?’ संस्था म्हणजे मी वाढलो ते अनाथ मुलांचं बालगृह. सोसायटीतल्या काकू विचारतात, कंपनीतले साहेब विचारतात. परवा मुलीच्या सातव्या वाढदिवसाचं निघालं तेव्हा बायको म्हणाली, ‘यंदा तिथल्या मुलांबरोबर करू या का?’ मी नाही म्हटलं. तिने कारण विचारलं नाही. तुम्ही विचारलंत.

मारझोड, उपासमार असलं काही नव्हतं, आधीच सांगतो. वाढदिवस करायला येणारे मात्र फार. केक त्यांच्या मुलाचा, आम्ही रांगेत उभं राहून गाणं म्हणायचं, मग वेफर्स आणि फोटो. माझा वाढदिवस 1 जून. शाळेत नाव घालताना अर्ध्या महाराष्ट्राला चिकटवायचे तोच. साल डॉक्टरांनी दात बघून ठरवलेलं.

2007 च्या 1 जूनला मी कागदावर अठराचा झालो. पुढे 21 पर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांना राहायची, सोय कायद्यात आहे. माझ्या वाट्याला मात्र पत्र्याची पेटी, मार्कशीट आणि सातशे रुपये आले. (अनाथांना 1 टक्का आरक्षण 2018 ला आलं, तोवर मी नोकरीत मुरलो होतो. असो.) कळव्याच्या चाळीत एका सीनियरच्या खोलीवर गेलो.

पाचव्या दिवशी आठवलं, आयटीआयचा टेस्टर गादीखालीच राहिलाय. चालतच खाडीपूल ओलांडून ठाण्यात आलो. गेटवर तेच वॉचमनकाका, शाळेतून उशीर झाला की आम्हाला गुपचूप आत घेणारे. म्हणाले, ‘भेटायची वेळ रविवारी 2 ते 4.’ मग दया आली असावी, रजिस्टर पुढे सरकवलं. नाव लिहिलं. कोणाला भेटायचंय, तिथे रेघ मारली. पुढचा रकाना ‘नातं’. पेन तिथेच अडलं. शेवटी लिहिलं, ‘माजी’. काका वाचून म्हणाले, ‘माजी कोण?’

टेस्टर एक बारका पोरगा घेऊन आला. गेटच्या गजांतून हातात देत म्हणाला, ‘दादा, तुझी कॉट मला मिळाली!’ खूश होता. खिडकीजवळची कॉट होती ती, वारा यायचा. मी शाब्बास म्हटलं आणि निघालो.

पुढे एका सत्कारात मी स्टेजवरून ठोकून दिलं होतं, ‘त्या दिवसानंतर मागे वळून पाहिलं नाही.’ पाच दिवसही धीर निघाला नव्हता, लेका.

काकांची चूक नव्हती, नियम होता. आत्ताच्या पोरांची तर मुळीच नाही. पैसे पाठवतो मी दर जूनला. पैसे पाठवले की जावं लागत नाही, हेही कळतं मला.

आणि सुखी आहे का, तर हो, आहे. ऐरोलीत वन बीएचके आहे, त्याच्या तीन किल्ल्या. तिसरी सासूबाईंकडे, न सांगता येतात, फ्रिज उघडून मला बोलणी घालतात. मला ते फार आवडतं, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी जांभळी नाक्यावरून फुगे आणतो म्हणून ठाण्याची लोकल पकडली. अडीच वाजता संस्थेच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून दोन कटिंग प्यायलो. घरी आलो तर बायकोने दारातच विचारलं, ‘फुगे कुठायत?’