घंटांच्या मनोऱ्यातला आठवडा

मंगळवार

इंग्लंडातल्या एखाद्या जुन्या गावात संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला चर्चच्या मनोऱ्यातून घंटा घणघणू लागल्या, की समजावं आज सरावाचा वार आहे. वार गावोगाव वेगळा, पण बहुतेक मनोऱ्यांना आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली असते आणि तास-दीड तासात सगळं आटोपतं. त्याला तिकीट नसतं. आधी एक ईमेल टाकून ठेवली, की बहुतेक ठिकाणी पाहुण्याला आनंदानं वर बोलावतात. राजवाडे आणि किल्ले जरूर पाहावेत, पण तिथला वारसा काचेआड असतो. इथे तो गावकऱ्यांच्या हातात असतो, अगदी शब्दशः. शाळकरी पोरापासून निवृत्त आजोबांपर्यंत सहा-आठ माणसं गोल उभी राहतात आणि प्रत्येकाच्या हातात एक दोर असतो.

आपल्या कानाला पहिला धक्का हा बसतो, की यात चाल नसतेच. सूर शोधत बसलं तर काहीच हाती लागत नाही. सगळ्यांत लहान, उंच आवाजाची घंटा 'ट्रेबल', सगळ्यांत जड ती 'टेनर'. आधी उंच आवाजापासून खालच्या आवाजापर्यंत ओळीनं टोल पडतात, त्याला 'राउंड्स' म्हणतात. मग दर ओळीत क्रम बदलू लागतो, म्हणून या कलेचं नाव 'चेंज रिंगिंग'. चार घंटांचा सर्वांत सोपा नमुना असा (१ म्हणजे ट्रेबल, ४ म्हणजे टेनर): १२३४, २१४३, २४१३, ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४ आणि परत १२३४. यातली १ नंबरची घंटा बोटानं धरून पाहावी. ती एकेक जागा मागे सरकत शेवटाला जाते, तिथे दोन टोल देते आणि तशीच पावलापावलानं पुढे येते. हा नमुना कागदावर उतरवून खिशात ठेवला, तर पाऊण तास ऐकण्यात जे कळत नाही ते पाच मिनिटांत कळतं.

बुधवार

कालच्या आकड्यांमागचं कारण लिहायचं राहिलं. कुठलीही घंटा एका ओळीत एकाहून जास्त जागा का सरकत नाही? उत्तर गणितात नाही, सुतारकामात आहे.

आपल्या देवळात घंटा स्थिर टांगलेली असते आणि आपण लोलक हलवतो. वसईच्या विजयानंतर आलेल्या नाशिकच्या नारोशंकर देवळातल्या पोर्तुगीज घंटेचंही तेच. इंग्लंडात मात्र अख्खी घंटाच फिरते. आडव्या तुळईला ती घट्ट बसवलेली, तुळईच्या दोन्ही टोकांना बेअरिंग, एका बाजूला मोठं लाकडी चाक, चाकावर दोर. वाजवण्याआधी हेलकावे देत देत घंटा पूर्ण उलटी करतात, म्हणजे तिचं तोंड आभाळाकडे. तिथून ती सुटते, जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरते, एक टोल देते आणि पुन्हा तोंड वर करून थबकते. पुढच्या खेपेला उलट दिशेनं तेच.

तोल सांभाळण्याचा हा क्षण म्हणजे सगळी कला. तिथे घंटा किंचित रोखली तर पुढचा टोल उशिरा पडतो, तोलापर्यंत पोचण्याआधीच ओढली तर लवकर. पण हा फरक पडून पडून एका जागेपुरताच. पाचशे किलोचं धूड याहून जास्त ऐकत नाही. म्हणून शेजारच्या दोघींनी जागा बदलायची, एवढीच मुभा. या एका अडचणीतून पुढची सगळी रचना उगवली. १७व्या शतकात लंडनचा मुद्रक फेबियन स्टेडमन यानं तिला शिस्त लावली. क्रम बदलण्याची त्याच्या नावाची पद्धत आजही वाजते. मला या कलेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

दोराच्या मधोमध लोकरीची रंगीत जाड पकड असते, तिला 'सॅली' म्हणतात. पहिला ओढा सॅलीचा, तो 'हँडस्ट्रोक'. ती ओढून लगेच सोडायची, कारण चाक दोर गुंडाळू लागतं आणि सॅली छताकडे झेपावते. हातात उरतं दोराचं टोक. हात वर ताणले गेले की त्या टोकाचा ओढा, तो 'बॅकस्ट्रोक', आणि खाली आलेली सॅली पुन्हा पकडायची. नवशिक्याच्या चुका इथेच होतात: सॅली सोडायला उशीर झाला तर माणूस वर ओढला जातो, पकडायची घाई केली तर घंटा अर्ध्यातच अडते. नुसता दोर हाताळायला शिकण्यातच साधारण दहा-पंधरा तास जातात. ताकद फारशी लागत नाही. जोरानं ओढणाराच अडचणीत येतो.

कारण वर तुळईला 'स्टे' नावाची एक उभी लाकडी पट्टी असते, बहुधा ॲश झाडाच्या लाकडाची. घंटा तोलापलीकडे जराशी गेली की ही पट्टी तिला टेकू देते. फार जोरानं ओढलं तर पट्टी मोडते, घंटा पलटी खाते आणि दोर भर्रकन वर जातो. फार ताण आला तर आधी तीच मोडावी अशी पट्टी मुद्दाम ठेवतात, म्हणजे जड चौकट वाचते. अशा वेळी एकच नियम: दोर तत्काळ सोडायचा. धरून ठेवणारे जखमी होतात.

म्हणून पाहुण्यासाठीही नियम आहेत. कोणी सांगितल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही, दोर शांत लोंबत असला तरी नाही. वर घंटा उलटी उभी असू शकते. बसल्यावर पाय जमिनीवर, पुढे पसरायचे नाहीत, दोराचा फास पायात अडकतो. वाजवणं चालू असताना बोलायचं नाही. घंटा उलट्या उभ्या असताना घंटांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

शनिवार

पाहायचं ठिकाण निवडायचं तर नॉर्विचला, बाजाराच्या चौकालगतचं सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्च. २ मे १७१५ रोजी इथे सात घंटांचे सगळे ५०४० क्रम, एकही परत न येता, ३ तास १८ मिनिटांत वाजले. पहिला खरा 'पील' म्हणून तोच मानला जातो. आजही पील म्हणजे किमान ५००० क्रम आणि साधारण तीन तास. मिनिटाला २८ ओळी, म्हणजे आठ घंटांचे सेकंदाला जवळजवळ चार टोल. कागद समोर ठेवायची परवानगी नाही, सगळं पाठ.

आठ घंटांचे क्रम होतात ४०,३२०. तेही एकदा सलग वाजले आहेत: जुलै १९६३, लफबरोचा टेलर घंटा-कारखाना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच आठ जण, १७ तास ५८ मिनिटं.

मनोऱ्यात गेल्यावर भिंतीवरच्या रंगवलेल्या पाट्या वाचाव्यात. पद्धत, तारीख, वेळ, प्रत्येकाचं नाव आणि टेनरचं वजन. १२-३-७ असं दिसलं तर १२ हंड्रेडवेट, ३ क्वार्टर, ७ पौंड. हंड्रेडवेट ११२ पौंडांचं, क्वार्टर २८चं, म्हणजे सुमारे ६५१ किलो. कुठल्या गावात किती घंटा आणि सराव कधी, हे 'डव्ज गाइड' या ऑनलाइन सूचीत सापडतं.

रविवार

सकाळच्या प्रार्थनेआधी अर्धा तास वाजतात, तेव्हा बाहेर गवतावर उभं राहून ऐकणं सगळ्यांत उत्तम. आत घंटांपेक्षा दोरांचाच आवाज जास्त येतो.

नोव्हेंबरात, युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनी गेलं तर वेगळंच ऐकू येतं. लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी पट्ट्यानं बांधतात. एक ओळ खणखणीत, पुढची दूरवरून आल्यासारखी. राणी एलिझाबेथ गेल्या तेव्हा, सप्टेंबर २०२२मध्ये, दोन्ही बाजूंना गाद्या बांधल्या होत्या, फक्त टेनरचा बॅकस्ट्रोक मोकळा. दुसऱ्या महायुद्धात जून १९४०पासून तर देशभर घंटा गप्पच होत्या. त्या वाजल्या तर शत्रू उतरला असा अर्थ ठरला होता. एल अलामेनच्या विजयासाठी १५ नोव्हेंबर १९४२ रोजी त्या खास वाजवल्या गेल्या. त्या रविवारी गावोगावच्या लोकांना काय वाटलं असेल, ते समजायला मनोऱ्याखाली उभं राहावंच लागतं.

लफबरोच्या टेलर कारखान्यात घंटा अजून ओततात आणि तिथे संग्रहालयही आहे. लंडनच्या सेंट पँक्रसहून थेट गाडी जाते. पुण्याहून जाणाऱ्यानं तिथे आवर्जून वेळ काढावा. १८९०च्या चहाप्रकरणामुळे आपल्याला पाठ असलेलं पंचहौद मिशन, त्याच्या गुरुवार पेठेतल्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत, वर्तुळात फिरवायच्या, आणि त्या याच लफबरोच्या.