वान्या तेव्हा 37 वर्षांचा होता

मंगळवार, रात्री अकरा

आज दुसरा अंक पहिल्यांदा न थांबता झाला. रशियन नाटककार चेकॉव्हच्या 'अंकल वान्या'चं आमचं मराठी रूपांतर राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसतंय आणि मी नेहमीसारखी प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की विंगेतून शब्द देणारी. शाळेच्या हॉलमध्ये खडूने आखलेल्या विंगेत स्टूल, मांडीवर संहिता, हातात बॅटरी. चेकॉव्हची इस्टेट आमच्याकडे पावसच्या बाजूची हापूसची बाग झालीय, प्रोफेसर मुंबईचे झालेत आणि टेलेगिनच्या गिटारच्या जागी पेटी आलीय. पात्रांची नावंही बदलली आहेत, पण तालमीत सगळे एकमेकांना मूळ नावांनीच हाका मारतात. "वान्या, चहा घेतलास काय रे?" असं.

रूपांतराची भीती वाटत होती, ती आता राहिली नाही. वान्यासारखा माणूस आमच्याकडे वाडीवाडीत सापडतो. एक भाऊ मुंबईला, एक गावात. गावातला तो फवारण्या करतो, मोहोराच्या दिवसांत ढग आले की झोपत नाही, वानरं हाकलतो, एप्रिलात पेट्या भरून पाठवतो, आईचं दुखणंखुपणं काढतो. त्याच्या लग्नाचं 'या मे महिन्यात बघू' म्हणत म्हणत पुढे जातं. मग एक मे असा येतो की कुणी विषयच काढत नाही. मूळ नाटकातला वान्या 25 वर्षं इस्टेटीवर राबतो, वर्षाला 500 रूबल पगार घेतो आणि बाकीचा पैसा मेव्हण्याला, म्हणजे त्या प्रोफेसरला पाठवतो. त्याच मेव्हण्याची दुसरी बायको येलेना. वान्या 47 वर्षांचा, ती 27ची, आणि आता याला तिच्यावाचून काही सुचत नाही.

दुसऱ्या अंकात रात्री वादळ होतं. येलेना निघून जाते आणि वान्या एकटा बोलतो. दहा वर्षांपूर्वी बहिणीच्या घरी ही मला भेटायची. तेव्हा ही 17ची, मी 37चा. तेव्हाच का नाही हिच्या प्रेमात पडलो, तेव्हाच का नाही विचारलं? आज ही माझी बायको असती. गडगडाटाने आम्ही दोघं जागे झालो असतो, ही घाबरली असती आणि मी हिला जवळ घेऊन म्हटलं असतं, भिऊ नको, मी आहे ना.

आज हे चालू असताना बाहेर परतीचा पाऊस खरोखरच कडाडत होता. लाईट गेली. रेकॉर्ड केलेल्या गडगडाटाचा प्रश्नच मिटला. दिग्दर्शक थांबा म्हणाला नाही, म्हणून कुणी थांबलं नाही. आमचा वान्या एरवी कोर्टात टायपिस्ट आहे. पत्र्यावरच्या पावसात त्याचा आवाज पोचत नव्हता, तरी त्याने तो चढवला नाही. मी बॅटरी संहितेवर धरली होती, पण एकही शब्द द्यावा लागला नाही.

घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. तेव्हाच का नाही प्रेमात पडलो? म्हणजे तेव्हा तो प्रेमात नव्हताच! प्रेम होतं आणि सांगायचं राहून गेलं, असं वान्या म्हणतच नाही. त्या मुलीकडे तेव्हा त्याने नीट पाहिलंही नसेल. संधी हुकली हे दुःख त्याने आता, 47व्या वर्षी, मागे जाऊन तयार केलंय, कारण वाया गेलेल्या एवढ्या वर्षांना त्याला एक चेहरा हवाय. 25 वर्षं हिशेबाच्या वह्यांत गेली हे सोसणं कठीण. एक बाई हातची गेली, हे त्या मानाने सोपं. आमचा टायपिस्ट हे बोलताना रडू आणत नाही, स्वतःलाच नवल वाटल्यासारखं विचारतो. मला ते अगदी बरोबर वाटतं.

नाटकात खरोखर हुकलेलं प्रेम आहे ते वान्याची भाची सोन्या हिचं. डॉक्टर आस्त्रोव्हवर ती सहा वर्षं प्रेम करते आणि त्याला पत्ता नसतो. तिसऱ्या अंकात येलेना म्हणते, मी त्याला तुझ्या वतीने विचारते. सोन्या आधी तयार होते आणि मग दाराशी थबकते. न कळलेलंच बरं, निदान आशा तरी राहते, असं म्हणते. हे वाक्य विंगेत वाचताना मला दर वेळी बॅटरी दुसऱ्या हातात घ्यावी लागते.

माझं एक होतं. तेव्हा मी पस्तिशीच्या आसपास, बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. शेजारच्या केंद्रशाळेतले एक गुरुजी संध्याकाळच्या एसटीला असायचे, थांब्यावर बोलणं व्हायचं. त्यांच्या छत्रीची मूठ तुटली होती, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळलेला. बोलताना ते अंगठ्याने ती ट्यूब सारखी खालीवर करायचे. एकदा पावसात म्हणाले, "बाई, मी घाटावर बदली मागितलीय. मागे घेऊ का अर्ज?" मी म्हटलं, "तुमची सोय बघा, गुरुजी." एसटी आली. जूनमध्ये ते सांगलीकडे गेले.

मला कुणाला दोष द्यायचा नाही, त्यांना नाही आणि मलाही नाही. बाबांना उठवून बसवायला घरात दुसरं माणूस नव्हतं. पण वान्यामुळे आज स्वतःला विचारून पाहिलं, की हे मी मागाहून रचलेलं तर नाही ना? नाही. ती ट्यूब मला दिसते. ते तेव्हाच होतं. मी सोन्याच्या बाजूची आहे, आणि हे कळल्यावर मला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं. माझ्याजवळ जे होतं ते खरं होतं.

नाटकात प्रॉम्प्टरला सगळ्यात जपावं लागतं ते पॉजना, म्हणजे संवादातल्या मुद्दाम ठेवलेल्या थांब्यांना. चेकॉव्हमध्ये ते जागोजाग आहेत आणि तिथेच माणसं बोलायचं ते बोलत नाहीत. नवखा प्रॉम्प्टर गडबडतो, नट विसरला समजून पुढचं वाक्य देतो आणि प्रसंग मरतो. मी आमच्या प्रतीत प्रत्येक पॉजला तांबडी चौकट केलीय. चौकट आली की ओठ मिटायचे. चौथ्या अंकात आस्त्रोव्ह निघालेला असतो, सोन्या तिथेच असते आणि तो भिंतीवरच्या आफ्रिकेच्या नकाशाकडे बघून म्हणतो, तिकडे आता काय भयंकर उकडत असेल! हा नकाशा त्या घरात कुणाच्याच उपयोगाचा नाही, नुसता टांगलेला. मला तो वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंतच्या प्रत्येक ओटीवर दिसतो. बोलायचं असतं एक आणि आपण विचारतो, पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडे?

चेकॉव्हचं स्वतःचं निराळं झालं. मॉस्को आर्ट थिएटरने 1899 साली हे नाटक केलं तेव्हा येलेना झाली होती ओल्गा निप्पर. 1901 मध्ये, वयाच्या 41व्या वर्षी, त्याने तिच्याशीच लग्न केलं. क्षयामुळे तो यॉल्टाला समुद्रकाठी, ती नाटकांसाठी मॉस्कोला, आणि मध्ये पत्रं. 1904 मध्ये तो गेलाच. तीनच वर्षं, तीही बरीचशी लांब राहून, पण त्यांनी ती घेतली. नवरा मुंबईला आणि आपण गावाला असे संसार ज्यांनी केले त्या आमच्या आयाआज्यांना यात काही विशेष वाटलं नसतं.

बुधवार, दुपारी

शाळेच्या मधल्या सुट्टीत दिग्दर्शकाचा फोन. निरोपाच्या प्रसंगात येलेना आस्त्रोव्हची पेन्सिल आठवण म्हणून उचलते, तिथे दिग्दर्शकाला मोगऱ्याचा गजरा हवाय. "काकू, प्रेक्षकाला लगेच पोचेल." मी साफ नाही म्हटलं. गजरा दिला-घेतला की ते प्रेम जाहीर होतं. पेन्सिल कुणी मोजत नाही, ती गेलेली घरात कुणाला कळणारही नाही. दोन मोठी, शहाणी माणसं एवढंच करू शकतात, आणि एवढं तरी करतात. येलेना एकदाच आस्त्रोव्हला मिठी मारते तेही त्या पेन्सिलनंतर. दिग्दर्शकाला पटलं. निदान "बघतो" म्हणाला नाही, "ठीक आहे" म्हणाला.

सोन्याचं काम करणाऱ्या मुलीशी मात्र आज बोलायला हवं. वय तेवीस, गुणी पोर. आस्त्रोव्हला पोचवायला मेणबत्ती घेऊन जाते तेव्हा ती हुंदका देते. नको. परत कधी येणार, असं ती विचारते आणि तो सांगतो, उन्हाळ्याआधी नाही. त्यावर तिने फक्त मेणबत्ती उचलायची आणि त्याच्यापुढे चालायचं, कारण बाहेर अंधार आहे आणि त्याला पायरी दिसायला हवी.