तीस पट नको, पंधरा पट

वर्ध्यात माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं काम आहे. मे महिन्यात राळेगाव तालुक्यातल्या एका गावाहून काकाजींचा फोन आला. "भाऊ, रेकॉर्डचा आवाज मोठा हाये, पण दबल्यावानी येते. पोट्टा म्हणते तबकड्या घासल्या."

घरी गेल्यावर कुमार गंधर्वांची एल.पी. लावायला सांगितली. घासलेली तबकडी चढ्या स्वरावर चरचरते, आवाज फाटतो. इथं तसं काही नव्हतं. तानपुऱ्याच्या तारांची झणकार मात्र हरवली होती आणि तबल्याच्या डग्ग्याला घुमारा नव्हता. वरचंही गेलं, खालचंही गेलं, मधलं तेवढं जोरात. मला तिथंच ट्रान्सफॉर्मरचा संशय आला.

कार्ट्रिज, म्हणजे तबकडीवरून सूर उचलणारा सुईचा भाग, होती डेनॉनची डीएल-103. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या कामासाठी 1960 च्या दशकात तयार झालेली ही मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर बारीक तारेची कॉइल हलते अशी) कार्ट्रिज आजही बनते. ती जेमतेम 0.3 मिलिव्होल्ट देते, म्हणून ॲम्प्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. पुतण्यानं पुण्याहून जुना आणला होता, डबीवर एक अक्षर नाही.

ट्रान्सफॉर्मरला मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावायचा नसतो. मीटरच्या डीसीनं गाभा चुंबकीय होऊ शकतो. म्हणून मोबाइलवरून 400 हर्ट्‌झचा सूर, मध्ये डीसी अडवायला एक कपॅसिटर घालून, दुय्यम म्हणजे ॲम्प्लिफायरकडच्या बाजूला दिला. तिकडे 300 मिलिव्होल्ट, कार्ट्रिजच्या बाजूला 10. म्हणजे 1:30. असले ट्रान्सफॉर्मर दोन-तीन ओहमच्या कार्ट्रिजसाठी असतात. डीएल-103 ची कॉइल 40 ओहमची.

हे मी काकाजींना कागदावर मांडून दाखवलं. ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर जोडायच्या जागी, 47,000 ओहम. त्याला तीसच्या वर्गानं, म्हणजे 900 नं भागलं की कार्ट्रिजवर पडतो फक्त 52 ओहमचा लोड. 0.3 चे तीसपट 9 मिलिव्होल्ट व्हायला हवेत, पण जवळजवळ निम्मा सिग्नल कॉइलच्याच रोधात जातो, हाती येतात 5. उलट बाजूनं तीच 40 ओहमची कॉइल ॲम्प्लिफायरला 36,000 ओहमची दिसते. मग वाइंडिंगची आणि केबलची कपॅसिटन्स झणकार खाऊन टाकते. आणि प्रायमरीचं, म्हणजे कार्ट्रिजकडच्या मोजक्या वेढ्यांच्या वाइंडिंगचं, इंडक्टन्स (खालचे सूर पेलायची ताकद) 40 ओहमला कमी पडतं, म्हणून डग्गा बसतो.

काकाजी लगेच म्हणाले, "म्हणजे अर्ध्या एचपीच्या मोटारीवर तीन इंची पाइप लावला मनावं!" इतकं नेमकं मला स्वतःला सांगता आलं नसतं.

डबीचं बूड उघडलं आणि जीव भांड्यात पडला. प्रत्येक चॅनलला प्रायमरीची दोन वाइंडिंग होती, समांतर जोडलेली. ती सिरीजमध्ये घेतली की गुणोत्तर अर्ध्यावर, 1:15. फेज, म्हणजे वाइंडिंगची दिशा, मात्र जपावी लागते. एक वाइंडिंग उलटं लागलं तर दोन्ही एकमेकांना मारतात आणि आवाजच येत नाही. सोल्डरचा डाग देऊन पुन्हा मोजलं, दोन्ही चॅनल 15. आता लोड 209 ओहम, कॉइलच्या पाचपट, आणि हाती पावणेचार मिलिव्होल्ट. फोनो इनपुटला तेवढं भरपूर होतं. प्रायमरीचं इंडक्टन्सही चौपट झालं.

त्याच तबकडीची तीच बाजू लावली. आवाज थोडा उतरला होता, व्हॉल्यूम जरा वाढवला. तानपुरा अख्ख्या खोलीभर पसरला. काकाजींनी हातानंच "थांबा" केलं आणि बाजू संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

मग हम, म्हणजे विजेची घुमघुम, राहिला होता. ट्रान्सफॉर्मर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावरच ठेवलेला. तो हातभर बाजूला घेतला आणि हेडफोन लावून सावकाश फिरवत गेलो. हम वाढला, कमी झाला, आणि एका कोनावर जवळपास नाहीसा झाला. तिथं खडूनं खूण केली. उरलेली बारीक गुणगुण घराच्या अर्थिंगची होती, मे महिन्यात तो खड्डा ठणठणीत कोरडा. त्यात बादलीभर पाणी ओतायला लावलं. ट्रान्सफॉर्मरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची लांबलचक केबल काढून मीटरभराची लावली.

निघताना डबीवर पक्क्या मार्करनं लिहिलं: 1:15, 40 ओहमच्या कार्ट्रिजसाठी. विकणाऱ्यानं एवढं लिहून दिलं असतं तर काकाजींनी आपल्या तबकड्यांना वर्षभर बोल लावला नसता.