बागेतले दिवे: सोलर की वायर? चौदा आठवड्यांची नोंद

आठवडा १

बागेत दिवे लावायचं दोन वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. निमित्त झालं आईचं. संध्याकाळी मागच्या दारातून उतरताना तिसऱ्या पायरीवर तिचा पाय चुकला. लागलं काही नाही, पण बोलणी मला बसली: "दिवसभर झाडं दाखवत असतेस, रात्रीची एक पायरी दिसेल असं काहीतरी कर."

बाग लांबट आहे. मागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत २२ मीटर. सुरुवातीला तीन पायऱ्या, मग वळण घेत जाणारी पायवाट, डावीकडे जास्वंदीची उंच रांग आणि अगदी टोकाला अवजारांची खोपटी आणि कंपोस्टचा खड्डा. चर खणायचा कंटाळा, म्हणून मातीत खोचायचे, खुंटीवाले सोलर दिवे आणले, दहा नग. अर्ध्या तासात काम आटोपलं. पहिल्या रात्री बाग अशी काही दिसली की मी फोटो काढत सुटले. (फोटोवर जाऊ नका. मोबाइलचा कॅमेरा काजव्याचा कंदील करून दाखवतो.)

आठवडा ३

कोणता दिवा किती वेळ टिकतो हे बघायला पंधरा दिवस रोज तीन फेऱ्या मारल्या: साडेआठ, दहा आणि साडेअकरा. उघड्यावरचे चार दिवे शेवटच्या फेरीतही जळत असायचे. जास्वंदीखालचे तीन दहाच्या आत मान टाकायचे. पायऱ्यांजवळच्या दोघांचा साडेआठलाच निकाल, कारण तिथे दुपारनंतर घराची सावली पडते. म्हणजे ज्या जागेसाठी हा सगळा खटाटोप, तिथलेच दिवे सगळ्यात आधी जात होते.

दहाव्याची गोष्ट निराळी. तो पेटतच नव्हता. दोनदा उघडून पाहिला, सेल बदलला, काही नाही. मग एका रात्री मागच्या दारावरचा बल्ब बंद केला आणि हा लगेच लागला! या दिव्यांना अंधार ओळखायला वेगळा सेन्सर नसतो, पॅनेलच ते काम करतं. पॅनेलमधून व्होल्टेज येत असेल तर दिवस, येईनासं झालं की रात्र. दारावरच्या बल्बमुळे त्या बिचाऱ्याचा सूर्य मावळतच नव्हता. पांढऱ्या भिंतीला टेकून लावलेला दुसरा एक अधूनमधून लुकलुकायचा. स्वतःचाच उजेड भिंतीवरून परतून पॅनेलवर पडला की तो विझायचा आणि विझला की पुन्हा लागायचा. म्हणून सोलर आणि वायरचे दिवे शेजारी शेजारी लावणार असाल तर पॅनेलचं तोंड कुठे आहे ते आधी बघा.

आठवडा ४

एक दिवा पूर्ण खोलला. आत मोजून चारच गोष्टी: १.२ व्होल्टचा ६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) निकेल मेटल हायड्राइड सेल, चार पायांची चिमुकली आयसी (सर्किटची चिप), रेझिस्टरसारखी दिसणारी रंगीत पट्ट्यांची कॉइल आणि एलईडी. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, सेल देतो १.२. मधली चढण आयसी आणि कॉइल मिळून चढतात. एलईडीला करंट किती द्यायचा तेही कॉइलच्या मूल्यावर, म्हणजे तिच्या इंडक्टन्सवरच ठरतं. कॉइल बदलून दिवा जास्त वेळ चालवता येतो, अर्थात उजेड कमी करून. दोन दिव्यांवर करून बघितलं, जमतं.

पण सेलमध्ये साठा किती, तर १.२ गुणिले ०.६, म्हणजे ०.७२ वॉट-तास. तोही पूर्ण भरला तर. एवढ्या शिदोरीवर रात्रभर पायरी उजळायची अपेक्षा धरणं ही चूक माझीच, दिव्याची नाही.

मग पॅनेल तपासलं. आत चार छोटे तुकडे एकामागोमाग एक जोडलेले असतात, प्रत्येकाचे साधारण अर्धा व्होल्ट. कडक उन्हात मल्टिमीटरने शॉर्ट सर्किट करंट (पॅनेलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा) मोजला: ७८ मिलिअँपिअर. मग जास्वंदीचं एक पान फक्त एका तुकड्यावर ठेवलं. पॅनेलचा एक चतुर्थांश भाग झाकला, म्हणजे करंटही चतुर्थांशाने उतरेल असं वाटलं होतं. मीटरने ९ दाखवले. पाण्याच्या पाइपवर एका ठिकाणी पाय दिला की पुढचं सगळं पाणी अडतं, तसंच हे. जास्वंदीखालचे दिवे "अर्धवट सावलीत" आहेत असं मी म्हणत होते. पॅनेलच्या हिशेबात अर्धवट सावली जवळपास पूर्ण सावलीसारखीच.

आणखी एक निरीक्षण: दोन दिव्यांच्या पॅनेलवरचा पारदर्शक राळेचा थर आताच धुरकट पिवळा दिसू लागलाय. वरून काच असलेल्या पॅनेलला हा त्रास होत नाही. घेताना नखाने टकटक करून बघायचं, आवाजावरून काच की राळ ते कळतं.

आठवडा ६

पायऱ्या वायरवर घ्यायच्या हे ठरलं. बागेत २३० व्होल्ट न्यायचे नाहीत हेही त्याच दिवशी ठरवलं. माझ्या हातात खुरपं आणि कुदळ असते, केबल कुठून गेलीय ते सहा महिन्यांनी मला आठवणार नाही. घरातला सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षक स्विचवर घेतला, त्यावर १२ व्होल्टचा ६० वॉटचा अ‍ॅडाप्टर. बाहेर जातं ते फक्त १२ व्होल्ट. ३ वॉटचे नऊ दिवे म्हणजे २७ वॉट, अ‍ॅडाप्टर आरामात.

वायर मात्र घरात पडलेली ०.७५ चौरस मिलिमीटरची वापरली. ओळीने नऊ दिवे जोडले, रात्री लावले, आणि पायऱ्या अशा उजळल्या की आई खुर्ची टाकून बाहेरच बसली. टोकाचे दिवे मात्र आजारी. अ‍ॅडाप्टरपाशी १२.१ व्होल्ट, शेवटच्या दिव्यापाशी १०.७.

१२ व्होल्टची ही मेख आहे. तेवढ्याच वॉटला २३० च्या मानाने एकोणीसपट करंट लागतो आणि वायरीत जिरणारं व्होल्टेज करंटवर ठरतं. ०.७५ ची मऊ तांब्याची वायर मीटरमागे साधारण २६ मिलिओहमचा अडथळा (रोध) धरते. २२ मीटर जायला आणि २२ मीटर यायला, मिळून ४४ मीटर. हा "यायला"चा हिशेब मी पहिल्यांदा विसरलेच होते. सगळा मिळून १.१४ ओहम. २.२५ अँपिअर सगळा टोकापर्यंत गेला असता तर अडीच व्होल्टच उडाले असते. दिवे वाटेत पसरलेले म्हणून १.४ वर निभावलं.

उपाय म्हणून २.५ चौरस मिलिमीटरची जाड केबल सरळ मधल्या दिव्यापर्यंत नेली आणि तिथून जुनी वायर दोन्ही बाजूंना फाटे फोडल्यासारखी जोडली. आता टोकाला ११.३. जुनी वायर फेकावी लागली नाही याचा आनंद वेगळाच.

आठवडा ९

पाऊस झाला आणि माझ्या जॉइंटांची परीक्षा झाली. सगळे नापास.

वायरी पिळून वर इन्सुलेशन टेप, एवढंच केलं होतं. टेप पाणी थांबवत नाही, आत धरून ठेवते. पाणी एकदा आत शिरलं की बारीक तारांच्या मधल्या फटींतून वातीतल्या तेलासारखं पुढे सरकतं. एका जॉइंटपासून हातभर अंतरावर वायर सोलली तर तिथेही तांबं काळवंडलेलं. गंमत म्हणजे पॉझिटिव्ह टोक हिरवं होऊन भुगा झालेलं आणि शेजारचं निगेटिव्ह बऱ्यापैकी शाबूत. डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह ओल्या मातीत झिरपला की पॉझिटिव्हचं तांबं विरघळत जातं. एसीमध्ये (दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहात) इतका एकतर्फी अन्याय होत नाही.

तेव्हा आता सगळे जॉइंट सोल्डर करून, वरून हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आक्रसणारी नळी), आतून गोंद असलेली. गरम केल्यावर कडेने गोंद बाहेर डोकावला पाहिजे, नाहीतर ते काम झालं असं समजू नका. शक्य तिथे जॉइंट मातीच्या वर, खुंटीला बांधून. दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, आत जात नाही. आणि दिवे आयपी ६५ चे (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) असले तरी साचलेल्या पाण्यात बुडवू नका. ६५ म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे, बुडवण्यासाठी ६७ पासून पुढे बघायचं.

या आठवड्यात दुसरं काहीही केलं नाही. आठ जॉइंट, तीन संध्याकाळी, दोन भाजलेली बोटं.

आठवडा १२

टोकाचे तीन दिवे अजून मनासारखे नव्हते आणि खोपटीचं पत्र्याचं छप्पर दिवसभर उन्हात तापत होतं. पायऱ्यांना सावली, खोपटीला ऊन. आणि मी बारा आठवडे "सोलर की वायर" असं घोकत बसले होते. खुंटीच्या दिव्यातही पॅनेल आणि एलईडी यांच्यामध्ये वायरच असते, फक्त चार बोटांची. ती लांब केली तर पॅनेल उन्हात आणि दिवा हवा तिथे.

छपरावर २० वॉटचं पॅनेल, पत्र्यापासून थोडं उचलून, कारण पॅनेल तापलं की देणं कमी होतं. आत बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर आणि १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे सुमारे ७७ वॉट-तास. तीन दिवे, ९ वॉट, रोज पाच तास: ४५ वॉट-तास. पॅनेलकडून चार तास चांगलं ऊन आणि नुकसान वजा जाता ५६ धरले. ढगाळ दिवसांत एक रात्र निभते, दुसऱ्या रात्री अर्ध्यात सोडते. चालेल. रात्री कंपोस्टकडे माझ्याशिवाय कुणी फिरकत नाही आणि मी टॉर्च घेऊन जाऊ शकते.

सगळी बाग याच पद्धतीने का नाही केली? हिशेब करून बघितला होता, पॅनेल आणि बॅटरी दोन्ही तिप्पट होतात आणि तरीही सलग ढग आले की पायऱ्या अंधारात. प्रत्येक दिव्याला आता एकच प्रश्न विचारते: हा एखाद्या रात्री लागला नाही तर कुणाचा पाय मुरगळेल? मुरगळणार असेल तर वायर. नसेल तर सोलर, तोही त्याच्या पॅनेलला स्वतःचं ऊन असेल तरच.

आठवडा १४, सद्यस्थिती

वायरवर सहा दिवे: पायऱ्या आणि वळण. टोकाचे तीन कमी झाल्यामुळे शेवटच्या दिव्याला ११.६ व्होल्ट. सगळे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आधीच्या पांढऱ्याफेक दिव्यांपेक्षा यांच्याभोवती किडे बरेच कमी. पायऱ्यांचे दोन सोडून बाकी सगळे साडेदहाला टायमरवर बंद, झाडांना आणि पाखरांनाही रात्र हवी असते. खुंटीवाल्या दहापैकी सात जिवंत आहेत, ते उघड्यावरच्या वाफ्याच्या कडेला लावलेत. उजेडासाठी नाही, कड कळावी म्हणून.

राहिलेली कामं: बॅटरीचं संध्याकाळचं आणि पहाटेचं व्होल्टेज महिनाभर लिहून काढायचं आहे. जाड केबल काही ठिकाणी अजून नुसती वितभर खोल आहे, ती पाइपात घालायची आहे. आणि वळणावरचा तिसरा दिवा दमट रात्री अजूनही मधूनच थरथरतो. नवव्या आठवड्यात मी आठ जॉइंट केले, मोजणी नऊची निघते. नववा बहुतेक तिथेच, मोगऱ्याच्या मुळांखाली आहे.