आठवडा १३ : सव्विसावा किलोमीटर आणि आईचा वजनकाटा

सापडला चोर! मुंबई मॅरेथॉनच्या सरावात सव्विसाव्या किलोमीटरच्या आसपास माझं पोट बिघडवणारा. रविवारचे ३२ किलोमीटर झाले, ४ तास ५ मिनिटांत, आणि सव्विसावा किलोमीटर कधी मागे पडला ते कळलंसुद्धा नाही. इथे नाशिकला सोमेश्वरच्या अलीकडे घड्याळ बघितलं तर २७.३. भर रस्त्यात दोन्ही हात वर करून ओरडले. दुधाचे कॅन घेऊन चाललेला एक मोटारसायकलवाला थांबला आणि विचारायला लागला, काही झालं का म्हणून.

मागच्या दोन नोंदींतलं रडगाणं तुम्हाला पाठ असेल. २८ च्या दिवशी सव्विसाव्याला पोटात डचमळायला लागलं, तोंडाला पाणी सुटलं, डोकं जड. शेवटचे दोन चालत आले. ३० च्या दिवशी तेच, फक्त पंचविसाव्यालाच. गंगापूर धरणाच्या रस्त्याला डिसेंबरात पहाटे हातमोजे घालून निघावं लागतं, त्यामुळे ऊन लागलं म्हणायचीही सोय नव्हती.

मधल्या काळात काय काय केलं? धावताना चोखायचं एनर्जी जेल बदललं. मिठाच्या गोळ्या आणल्या. आदल्या रात्री नुसता मऊ भात खाऊन बघितला. बूटसुद्धा बदलले (पोटाचा आणि बुटांचा संबंध काय ते मला विचारू नका, माणूस हताश झाला की काहीही करतो). ग्रुपमधल्या प्रत्येकाचं निदान एकच: पाणी कमी पडतंय तुला. म्हणून ३० च्या दिवशी शिस्तीत दर दोन किलोमीटरला २०० मिली घेतलं, शिवाय जेल आणि गोळ्या उतरवायला वेगळं. घरी आल्यावर हिशोब केला तर ३ तास ५० मिनिटांत ३.६ लिटर पोटात गेलं होतं.

त्या आंब्याच्या चवीच्या जेलबद्दल एकच सांगते. आंबा त्यात पाकिटावरच्या चित्रापुरता आहे. आता मी बिया काढलेल्या खजुरात चिमूटभर मीठ भरून नेते, आणि राजगिऱ्याच्या वडीचे तुकडे. वडी विसाव्यानंतर घशात अडकते, तेवढी ती सुरुवातीलाच संपवायची.

तर चोर कसा सापडला ते. ३० करून आले, न्हाणीघरात हातमोजे काढले, आणि अंगठी हलेना. साबण लावूनही हलेना. बोटं अशी गच्च, जणू कुणी फुंकून फुगवलीत. मोजे उतरवले तर मोज्याच्या रबराची खोल खाच. आणि हात आपोआप खाली गेला. अंगठ्यानं नडगीवर दाबलं, पाच आकडे मोजले, सोडलं. खळगा राहिला. छोटा, पण राहिला.

हे मी चार वर्षं दर रविवारी रात्री आईच्या पायावर केलंय. तिचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असायचं. गुरुवार ते सोमवार हा गॅप मोठा, त्यामुळे रविवारी रात्री पाय सुजलेले. खळगा किती खोल पडतो त्यावरून आम्ही दोघी पैज लावायचो, उद्या किती काढतील. ‘दोन किलो’ म्हणजे दोन लिटर पाणी, ती भाषाच तशी. तिचा डिजिटल काटा अजून तिच्या पलंगाखाली आहे, वहीसकट. वहीत दोनच रकाने: आत आणि बाहेर. आत म्हणजे मशीनला लावायच्या आधी, बाहेर म्हणजे नंतर.

काट्यावर उभी राहिले. ५९.१. पहाटे निघताना, उगाच सवयीनं, ५८.४ बघितलं होतं. तीस किलोमीटर धावून माझं वजन ७०० ग्रॅम वाढलं होतं!

आईच्या सेंटरवरच्या तंत्रज्ञ भाऊंना फोन केला. ते आधी पोट धरून हसले. ‘ताई, तुमचं ड्राय वेट काय धरायचं मग?’ (ड्राय वेट म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन.) नंतर गंभीर झाले आणि म्हणाले, ज्या डॉक्टरांकडे आईला नेत होता त्यांनाच दाखवा. दाखवलं. रक्त तपासलं, सगळं ठीक आहे, पण दोन दिवसांनी तपासलेलं ठीकच येणार, असं तेही म्हणाले. त्यांनी समजावलं ते असं: लांब धावताना शरीर एडीएच नावाचं संप्रेरक सोडतं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. वरून ओतत राहिलं की ते बाहेर पडत नाही आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, जड डोकं, सुजलेली बोटं ही त्याची सुरुवात. पुढे गेलं तर झटके, बेशुद्धी. हे जिवावर बेतू शकतं.

मग रात्री वाचत बसले. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं होतं, २००५ मध्ये ते छापून आलं. १३ टक्के लोकांचं सोडियम लिटरला १३५ मिलिमोल किंवा त्याखाली, म्हणजे कमी. सगळ्यात ठळक खूण कोणती? धावताना वाढलेलं वजन. आणि धोका कुणाला जास्त? चार तासांहून जास्त वेळ लागणाऱ्यांना, म्हणजे आपल्याला, मंडळी. वेगवान लोकांना प्यायला वेळच नसतो. आपण पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबतो, हसतो, दोन ग्लास घेतो.

मिठाच्या गोळ्यांनी हे टळत नाही. एनर्जी ड्रिंकनंही नाही, कारण त्यातलं सोडियम रक्ताच्या मानानं फारच कमी. ओआरएससुद्धा लिटरला ७५ मिलिमोल, रक्तात १४० च्या आसपास. जास्त प्यायलं की काहीही प्यालेलं असो, पातळच होणार.

बुधवारी घामाची चाचणी केली. एक तास, रोजच्या वेगानं, पाण्याचा थेंब नाही. आत ५८.६, बाहेर ५८.१. अर्धा लिटर, बस्स. थंडीत माझा घाम तासाला अर्धा लिटर आणि मी त्याच्या जवळजवळ दुप्पट ओतत होते. मी असं का पीत होते हे मला ठाऊक आहे. आईला दिवसाला ८०० मिली, त्यात चहा आला, आमटी आली. तिचं एक १५० मिलीचं फुलपात्र होतं, त्यानं मोजून द्यायचं. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा गालात धरून बसायची. ती गेल्यापासून मी पाणी कधी मोजलं नाही. मोजायचं म्हटलं की हातच चालत नव्हता.

आता तेच फुलपात्र घेऊन नळाखाली बसले आणि माझा घोट किती ते मोजलं. पाच घोटांत रिकामं, म्हणजे घोट ३० मिली. रविवारी घड्याळाचा गजर बंद ठेवला, तहान लागली की चार-पाच घोट, नाहीतर नाही. पूर्ण ३२ मध्ये १.४ लिटर. आत ५८.५, बाहेर ५७.६. आईच्या भाषेत ९०० काढले. अंगठी कांदा सोलावा तशी सहज निघाली, मी ती उगाचच तीन वेळा काढून घातली.

परतताना कॉलेज रोडला शहाळंही घेतलं. आईच्या काळात पोटॅशियममुळे ते घरात येत नव्हतं, पालक-बटाटेसुद्धा चिरून पाण्यात भिजवून मग शिजायचे. शहाळ्यात सोडियम कमीच असतं, त्यामुळे घामाची भरपाई म्हणून त्याला फार भाव देऊ नका. मी चवीसाठी प्यायले. दोन.

या धावण्यातून जमवत असलेला निधी: एका रुग्णाचं एक वर्षाचं डायलिसिस, आठवड्याला दोन सेशन, म्हणजे १०४. सेशनला दीड हजार धरून १,५६,००० चं लक्ष्य. आजपर्यंत ७१ सेशन झाली. आमच्या वाण्यानं एक सेशन दिलं आणि पावती मागितली नाही, तरी मी दिली. अजून ३३ बाकी, त्यासाठी ऑफिसात पुन्हा एकदा तोंड वेंगाडावं लागणार.

आता टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत न्यायचा. पुढच्या रविवारी २०, इथेच, असं ठरलं होतं... पण हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की अर्धा लिटरचा आकडा नाशिकच्या थंडीचा आहे. जानेवारीतला तिसरा रविवार, मुंबई, समुद्राची दमट हवा. मी सव्वापाच-साडेपाच तासांची गडी, पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, तोवर ऊन चांगलं वर आलेलं. तिथे घाम दुप्पटही असेल. मग इथल्या हिशोबानं प्यायले तर उलट्या बाजूनं मार खाईन. म्हणजे २० मुंबईतच करायला हवेत, शिवाजी पार्कातून वरळी सी फेसला फेऱ्या मारत. आणि काटा हाच हवा, दोन काट्यांत अर्ध्या किलोचा फरक सहज पडतो आणि माझं सगळं भांडण अर्ध्या किलोचंच आहे.

म्हणून आत्ताच उठून माटुंग्याला मामीला फोन केला. शनिवारच्या पंचवटी एक्स्प्रेसनं येते म्हटलं, रात्री राहीन, आणि सोबत वजनकाटा आणतेय.

‘अगं, आमच्याकडे आहे की काटा!’

‘तो नको मामी, आईचाच लागतो.’

पलीकडे जरा वेळ शांत. मग म्हणाली, ‘आण. आणि त्याचे सेल बदल आधी, तिनं कधी बदलले नसतील.’

खरंच नव्हते बदलले.