पाऊस पडला की मीटर मंद: जुन्या गाडीतला लूज कॉन्टॅक्ट शोधताना

गाडी वीस वर्षांपूर्वीची, पेट्रोल हॅचबॅक, खानापूर तालुक्यातल्या पावसात उघड्यावर उभी राहणारी. रात्रभर पाऊस झाला की सकाळी चालता चालता स्टिरिओ बंद पडायचा, डॅशबोर्डवरच्या मीटरमधले दिवे मंद व्हायचे आणि इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच ठेक्यात हलायचा. जांबोटीच्या रस्त्यावर एखादा खड्डा लागला की सगळं पुन्हा सुरळीत. बेळगावात गॅरेजपुढे उभी केल्यावर तर दोष दिसायचाच नाही. 'मीटरच बदला' असा सल्ला मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण हलणारा काटाच वेगळी गोष्ट सांगत होता.

स्टिरिओ १५ अँपियरच्या निळ्या फ्यूजवर आणि मीटर १० अँपियरच्या लाल फ्यूजवर. दोन वेगळ्या फ्यूजवरच्या वस्तू एकाच वेळी बिघडतात तेव्हा दोघांत सामाईक काय आहे ते आधी पाहावं. इथे सामाईक होता अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी जोडणी. अर्थचा सांधा कमजोर झाला की परतीचा करंट तिथे अडतो. इंडिकेटरचा बल्ब लागला की त्या सांध्यावर थोडे व्होल्ट साचतात, विझला की उतरतात आणि काटा त्याबरोबर हलतो. मीटर नवा बसवला असता तरी तो तसाच हलला असता.

बॅटरी आणि फ्यूज मात्र आधी पाहून घ्यावेत, त्याला वेळ लागत नाही. बंद गाडीत बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळाले म्हणजे तिकडे पुन्हा बघायची गरज नाही. फ्यूज उपसून त्याच्या पात्या बघाव्यात. पाती काळवंडलेली किंवा प्लास्टिक वितळलेलं असेल, तर फ्यूजबॉक्समधली पकड सैल झालेली असते. फ्यूज उडत असेल तर मोठ्या अँपियरचा घालू नये, तारेचा तुकडा तर नाहीच. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

खरी अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. वायरच्या दहा-पंधरा तारांपैकी एकच शिल्लक असली, तरी मल्टीमीटर १२ व्होल्टच दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. त्या एका तारेतून दिवा मात्र नीट लागत नाही. म्हणून लोड, म्हणजे करंट खाणारी उपकरणं, चालू ठेवूनच मोजायचं. मी हेडलाईट, ब्लोअर, स्टिरिओ सगळं चालू केलं. मल्टीमीटरच्या काळ्या टोकाला लांब वायर जोडून ती बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. लाल टोकाला बारीक टाचणी लावून ती स्टिरिओच्या कपलरमागून (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या मागून) अर्थच्या काळ्या वायरीशेजारी आत सरकवली. वायरचं कव्हर टोचू नये, पुढच्या पावसात त्याच भोकातून पाणी शिरतं. चांगल्या अर्थला इथे ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. सुरुवातीला तेवढंच दिसत होतं. मग डॅशबोर्डखालचा वायरिंगचा जुडगा थोडा थोडा हलवत गेलो. ड्रायव्हरच्या उजव्या पायाजवळच्या पॅनेलपाशी हात आला आणि आकडा एकदम दीड व्होल्टच्या वर गेला. दोष हजर असताना पकडला की पुढचं काम फक्त पाना-पकडीचं. (एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कव्हरच्या वायरींना टाचणी किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नये.)

पॅनेल काढल्यावर एकाच बोल्टवर एकावर एक बसवलेल्या थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्या, दिसल्या. बोल्ट गंजलेला, थिंबलांवर हिरवा कळंक आणि खालचं मॅटिंग ओलं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवलं, मग दहाच्या पान्याने बोल्ट काढला. बॉडीवरचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केला. एका थिंबलची वायर आतून काळी पडलेली होती. काळ्या तांब्यावर सांधा नीट बसत नाही, त्यामुळे लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापत गेलो आणि तिथे नवी थिंबल दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) घातली. बोल्ट नवा, खाली दातेरी वॉशर. व्हॅसलीन सगळं आवळून झाल्यावर वरून लावायचं.

इथेच थांबलं तर पुढच्या जुलैत तोच कळंक परत येतो, त्यामुळे पाणी कुठून येतं ते शोधणं मला अर्थइतकंच महत्त्वाचं वाटतं. एसी लावल्यावरच ओल येत असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबलेली असते. एसी न लावता पावसात ओल आली, तर वायपरखालची जाळी, काचेचं रबर, दरवाजे असा क्रम घ्यावा. मी जाळीवर मगाने हळूहळू पाणी ओतलं, आत एक जण टॉर्च घेऊन बसला. कोपऱ्यातला ड्रेन पाला आणि लाल मातीने बुजला होता, म्हणून पाणी भरून पलीकडे आत उतरत होतं. ड्रेन मोकळा केला. मॅटिंग वरून कोरडं लागलं तरी खालचा फोम पाणी धरून ठेवतो. तो बाहेर काढून वाळवला. आमच्याकडे पावसाळ्यात उन्हाची वाट बघण्यात अर्थ नाही, पंख्याखालीच ठेवावा लागतो.

एवढ्याने स्टिरिओ आणि मीटर सुधारले, पण केबिन लाईट अजून लहरीने लागत होता. तो दोष निराळा. अशा जुन्या गाडीत त्या दिव्याला प्लस कायम असतो, अर्थ दरवाजाच्या चौकटीतल्या पिन स्विचमधून (दरवाजा बंद केला की दाबला जाणारा) मिळतो आणि स्विचला तो त्याच्या स्क्रूतून बॉडीकडून मिळतो. दिव्याचं बटण 'चालू'वर ठेवल्यावर दिवा लागतो आणि 'दरवाजा'वर लागत नाही, म्हणजे स्विच किंवा स्क्रू. स्क्रू आणि त्यामागचा पत्रा घासला आणि काम झालं. स्विच काढताना वायरला चिमटा लावून ठेवावा, ती चौकटीत आत सटकली की सगळं ट्रिम खोलावं लागतं.

पॉवर विंडो किंवा दरवाजातला स्पीकर असाच जात-येत असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी एकेक करून हलक्या ओढून बघाव्यात. कव्हर शाबूत आणि तांबं तुटलेलं असेल तर ती वायर रबरासारखी ताणली जाते. तिथे बारीक तारांची लवचीक वायर घालावी आणि सांधे नळीच्या बाहेर, मागे-पुढे ठेवावेत. आधीच्या मालकाने बसवलेला स्टिरिओ, सेंट्रल लॉक, अलार्म यांचे पीळ मारून टेप गुंडाळलेले सांधेही या वेळी उघडून सोल्डर करावेत, म्हणजे कथिलाने डाग द्यावेत. एप्रिलच्या उन्हात टेपचा डिंक सुटतो आणि सांधा उघडा पडतो.

शेवटी बॅटरी जोडून, तेच लोड चालू करून, तीच टाचणी त्याच कपलरमागे लावून पुन्हा मोजलं. जुडगा हलवला, पॅनेलवर मूठ आपटली, इंडिकेटर लावला. आकडा ०.०४ वरून हलला नाही, काटाही नाही.