अर्धा फेरा

काल रात्री धड झोप लागली नाही. कारण सांगितलं तर कुणालाही क्षुल्लक वाटेल. ज्यांच्याकडे मी सुतारकाम शिकलो त्या अण्णांनी एक क्लॅम्प, म्हणजे फळ्या आवळून धरणारा शिकंजा, अर्धा फेरा सैल केला आणि काही न बोलता निघून गेले.

टेबलाचा वरचा तक्ता जोडत होतो. पाच फळ्या, चार सांधे. गोंदाशिवाय एकदा सगळं आवळून पाहिलं होतं, कुठल्याच सांध्यातून उजेड दिसत नव्हता. घाईत क्रम चुकू नये म्हणून पाचही फळ्यांवर मिळून खडूने एक मोठा त्रिकोण काढून ठेवला होता. क्लॅम्प सहा, तीन खालून, तीन वरून, आलटून पालटून. एकाच बाजूने ओढलं की तक्ता कमानीसारखा वळतो. गोंद लावला की हातात दहा मिनिटंसुद्धा नसतात, हवा कोरडी असली तर त्याहून कमी. तेवढ्यात एकट्याने बसवलं. चारही सांध्यांवर गोंदाचे बारीक मणी ओळीने वर आले, तेव्हा फार बरं वाटलं.

मग ते आले. वाकले, तक्त्याच्या पातळीला डोळा लावला. मधल्या क्लॅम्पची मूठ धरून अर्धा फेरा मागे घेतला, तळव्याने सांधा चाचपला आणि गेले.

पूर्वी असं नव्हतं, ओरडायचे. ओल्या फडक्याने गोंद फासलास? आता तो रेशांत शिरला, पॉलिशच्या वेळी फिकट डाग बघत बस! एवढं सगळ्यांसमोर. एकदा कर्ण न मोजता चौकट आवळली होती. दोन कर्णांत तीन मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे चौकट काटकोनात नव्हती. गोंद ओला होता तोवर सगळी चौकट उकलायला लावली, आणि मी डोळे पुसत उकलली. तेव्हा त्या ओरडण्याचा राग यायचा. आता ते ओरडत नाहीत, याचा त्रास होतोय.

मला आता येतं म्हणून बोलले नाहीत, की सांगून उपयोग नाही म्हणून? रात्रभर हेच. बोलायचं होतं आणि बोलले नाहीत, की बोलण्यासारखं काही उरलंच नाही? आणि तो अर्धा फेरा घेताना त्यांचा उजवा हात... जाऊ दे.

जास्त आवळायची माझी खोड जुनी आहे. सांधा जुळतो तो रंध्याने, क्लॅम्पने त्याला नुसतं धरून ठेवायचं. रेशांच्या लांबीत नीट चिकटवलेला सांधा सुकल्यावर मोडायला गेलं तर बहुधा शेजारचं लाकूड फाटतं, सांधा तसाच राहतो. हे मी इतरांना सांगतो. तरी मूठ हातात आली की आणखी एक फेरा होतोच. भीतीच ती, दुसरं काय.

आज सकाळी क्लॅम्प काढले. सरळ पट्टी आडवी धरून पाहिली. मध्ये पट्टी सगळीकडे टेकली. डाव्या टोकाला मात्र तिच्याखालून कागद सरकला. एकच कागद, रंध्याने जाईल. तरी तिथेच बसून राहिलो. काल एक शब्द बोलले असते तर, असं मनात आलं आणि तिथेच अडकलो. गोंद तेव्हा ओलाच होता. एक क्लॅम्प त्यांनी करून दाखवला होता. उरलेले पाच मी बघायचे होते. आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत उभा होतो.

मग जरा हलकं वाटलं. का ते नीट कळलं नाही.

दुपारी त्यांनी विचारलं, "रंधा कधी?"

"परवा."

गोंदातलं पाणी पिऊन सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. आजच रंधा मारला तर ते आकसल्यावर सांध्यावर चर पडते. हे त्यांनीच शिकवलंय, तेही ओरडूनच. आज नुसतं "हं" म्हणाले. काल हेच "हं" मला लागलं असतं.

उद्या चौकट. चार पाय, चार पट्ट्या, आठ कुसू, म्हणजे पायांच्या खाचांत बसणारी पट्ट्यांची टोकं. दहा मिनिटांत हे एकट्याचं काम नाही. मागच्या वेळी मी "नको, जमेल" म्हणालो होतो. मी तसं म्हणायला नको होतं.

निघताना म्हटलं, "अण्णा, उद्या कर्ण मोजताना टेपचं एक टोक धराल?"

"किती वाजता?" म्हणाले.